वहीच्या मागच्या पानांवरची गाणी

गटाची इतिवृत्ताची वही तुम्ही कधी उलटी धरून पाहिली आहे का? पुढून हजेरी, ठराव, कर्जाचे हप्ते. आणि मागून? आमच्या भागातल्या बऱ्याच वह्यांत मागून फुगडीची गाणी असतात, आगळात मीठ किती घालायचं ते असतं, एखादा उखाणा, कुणाचा तरी फोन नंबर.

काही वर्षांपूर्वी तपासणी येणार म्हणून आम्ही एका गटाला ती मागची पानं काढायला लावली. "सरकारी वही ही, हेच्यात गाणी कित्याक?" असं आम्हीच म्हणालो. पानं चुलीत गेली. ती गाणी ज्या काकींनी सांगितली होती, त्या पुढच्या पावसात वारल्या. आता गौरीच्या रात्री फुगडी घालताना दोन गाणी अर्ध्यावर तुटतात. बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघतात आणि दुसरं गाणं धरतात.

नंतर वाचताना कळलं, की अशा मिसळीच्या वहीला आपल्या भाषेत जुनं नाव आहे, बाड. पोथी म्हणजे सुटी पानं, वर-खाली फळ्या, कापडात बांधलेली. बाड म्हणजे लांबट, अरुंद बाजूला शिवलेली वही; तिचं पान वर उलटायचं. बोरूने, काजळाच्या शाईने लिहायचं. पोथीत सहसा एकच ग्रंथ असतो. बाडात मात्र ज्याने लिहिलं त्याला हवं ते: चार संतांचे अभंग, आरत्या, पदं, कुठे औषधाचा पाठ. कीर्तनकाराला, मठातल्या माणसाला ते हाताशी लागायचं. एकाने दुसऱ्याचं बघून उतरवायचं, उतरवताना एखादा शब्द बदलायचा, कधी अभंग भलत्याच संताच्या नावावर जायचा. धुळ्याला शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी मठांतली अशी बाडं गोळा केली, म्हणून पुष्कळ रचना वाचल्या.

पण एक गोष्ट आम्हाला खटकते. बाड लिहिणारे बहुतेक पुरुष. बायकांना अक्षर शिकवलंच नव्हतं, मग जात्यावरची ओवी बाडात कुठून येणार? ती तोंडातच राहिली.

छपाई आली तशी मिसळ छापली जाऊ लागली, आणि यात आपल्या जिल्ह्याचा हात मोठा आहे. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर 'दर्पण'मुळे सगळ्यांना माहीत आहेत. त्यांनीच १८४० साली 'दिग्दर्शन' हे मासिक काढलं. त्यात भूगोल, इतिहास, विज्ञान असं सगळं एकत्र यायचं. १८५४ साली परशुराम तात्या गोडबोल्यांनी जुन्या कवींचे वेचे निवडून 'नवनीत' छापलं. जे बाडांत विखुरलेलं होतं ते शाळेतल्या मुलाच्या हाती आलं.

आणि दिवाळी अंक! काशिनाथ रघुनाथ मित्र हे मूळचे आजगावकर, सावंतवाडीजवळच्या आजगावचे. बंगाली साहित्याच्या ओढीने त्यांनी मित्र हे आडनाव घेतलं. १८९५ साली त्यांनी 'मनोरंजन' मासिक सुरू केलं आणि १९०९ साली त्याचा दिवाळी अंक काढला. मराठीतला पहिला दिवाळी अंक तोच मानतात. 'मनोरंजन'ने बायकांच्या लिखाणालाही जागा दिली. आज फराळाच्या ताटाशेजारी अंक असतो, त्यामागे आपल्याच गाववाल्याची कल्पना आहे, हे आमच्या गटातल्या एकीलाही माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं.

जळगावच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या एकाने वहीत उतरवली. १९५१ साली त्या गेल्या, तेव्हा पुस्तक निघालं नव्हतं. आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ते १९५२ साली आलं. मधल्या काळात सगळं त्या वहीवर टिकून होतं. ती वही कुणी चुलीत घातली असती तर? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्याही अशाच, बाईसमोर बसून.

आता आमच्या गटांत गाण्यांची वही वेगळी केली आहे. दोनशे पानी, साधी. गाणं ऐकू येतं तसंच, मालवणीतच लिहायचं, सुधारायचं नाही. खाली सांगणारीचं नाव, तिचं माहेर, तारीख. माहेर महत्त्वाचं, कारण गाणं बहुतेक तिथूनच आलेलं असतं. पावसाळ्यात वही फडताळात ठेवली की बुरशी धरते, वाळवी तर आहेच. म्हणून डब्यात ठेवायची आणि प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढायचा.

त्या काकींची लेक वेंगुर्ल्याला दिली आहे. अर्ध्यावर तुटणाऱ्या दोन गाण्यांपैकी एकाची पुढची कडवी तिला येतात, असं तिने फोनवर सांगितलं. दुसऱ्याचं तिलाही आठवत नाही. गौरीला ती माहेरी येणार आहे, तेव्हा वही घेऊन आम्ही तिच्याकडे जाणार आहोत.