पिवळा रंग कुणाचा?

चिमे, खडू जरा थांबव. महाधनेश झकास उतरलाय, पण डोळा लाल करणार की पांढरा? हसू नकोस, गोष्ट तिथूनच सुरू होते. नराचा डोळा लालबुंद, मादीचा पांढरट. पांढरा केलास तर चित्रातला महिना सांभाळ. ऐन विणीत बाईसाहेब कुणाला दिसतच नाहीत.

उडून कुठं जातेय! स्वतःलाच कोंडून घेते. थंडी सरायच्या सुमारास जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपते. कशानं? स्वतःची शीट आणि फळांचा चोथा. ‘शी’ काय करतेस, तुझी पणजी अंगण शेणानंच सारवायची! वाळलं की घट्ट. उरते एक उभी फट, चोच जाईल एवढी.

आत एक किंवा दोन अंडी, ती उबवायला ३८ ते ४० दिवस. त्याच काळात तिची उडायची पिसंही झडतात, नवी येतात. सगळी भिस्त नवऱ्यावर. तो वड-उंबराची फळं गळ्यात भरून आणतो, फटीशी बसून एकेक वर काढतो आणि तिला भरवतो. मधूनच एखादा सरडाही. दिसायच्या आधी ऐकू येतो हा गडी, पंखांचा आवाजच तसा. त्याला कुणी गोळी घातली, तर आतल्यांचं काय होईल ते तूच सांग.

आता पिवळा. बाबू, तू तो डब्यातून काढलास. धनेशाचा डबा शेपटीच्या बुडाशी असतो. तिथल्या ग्रंथीतून पिवळं तेल पाझरतं. चोच त्यावर घासायची आणि मानेवर, पंखांच्या पांढऱ्या पट्ट्यांवर फिरवायची. पिसं मुळात पांढरीच. म्हणून पिवळा सपाट भरू नकोस. कुठं गडद, कुठं पुसट राहू दे.

मुंबईला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत विल्यम नावाचा एक महाधनेश होता. १८९४ साली पिल्लू असताना कारवारहून आला, १९२० पर्यंत जगला. संस्थेच्या बोधचिन्हावर अजून धनेशच आहे.

हे काय, कोपऱ्यात रडणारं झाड? वन्यजीव सप्ताह आला की दरवर्षी तीच आसवं आणि दोन तळहातांवर पृथ्वी. मला बुवा कंटाळा येतो. परीक्षकांना आवडत असेल. आणि ‘झाडे लावा’ लिहायला निघालास, पण रोपाला ढोली कुठली? धनेशाला सुतारासारखं लाकूड कोरता येत नाही. फांदी मोडावी, तिथं पाणी मुरावं, बुरशीनं गाभा पोखरावा, तेव्हा कुठं एवढा पक्षी मावेल अशी खोली तयार होते. कित्येक दशकं जातात त्यात. असं झाड ‘पोकळ झालंय’ म्हणून आधी तोडलं जातं. २०१८ पासून महाधनेश जगाच्या यादीत ‘असुरक्षित’ आहे, त्यात या तोडीचा वाटा मोठा.

खोड कागदात मावत नाही म्हणतोस? मग कागदभर खोडच काढ, शेंडा नाही दिसला तरी चालेल. फट विसरू नकोस. आणि बुंध्याशी बिया काढ, भरपूर. आतली मंडळी खाल्लेल्या फळांच्या बिया फटीतूनच बाहेर टाकतात, पावसाळ्यात त्या खाली रुजतात. पक्ष्यांमागे फिरणारे लोक ढोली शोधताना आधी वर बघतच नाहीत, झाडाखालची बियांची रास बघतात.