वारा सगळ्यांचा, खांब एकाचा

लेखमाला : उजेडामागचं गाव – लेखांक 7

पवनचक्क्या ढग पळवतात, असं माण-खटावपासून जत-कवठेमहांकाळपर्यंत आणि तिकडे साक्रीच्या पट्ट्यातही गेली वीस-बावीस वर्षं बोललं जातं. शहरातली मंडळी यावर हसतात आणि विषय तिथेच मिटवतात. मला तो इतक्या लवकर मिटवावासा वाटत नाही. मागच्या आठवड्यात आपण सौर प्रकल्पांखाली जाणाऱ्या गायरानांबद्दल बोललो. तिथे कुंपण पडतं, त्यामुळे काय गेलं ते डोळ्यांना दिसतं. वाऱ्याचं तसं नाही. काय गेलं हे कुणाला दाखवता येत नाही, पण काहीतरी गेलं असं मात्र सगळ्या गावाला वाटत राहतं.

आधी ढगांचा हिशेब मिटवू. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तिथून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. सह्याद्री चढताना वारा आपलं पाणी ओतून टाकतो आणि पलीकडे कोरडा होऊन, पण जोरात, उतरतो. जोराचा वारा जिथे, तिथे पवनचक्की. म्हणजे दुष्काळ आणि पवनचक्की यांचं कारण एकच आहे, एकाने दुसऱ्याला आणलेलं नाही. त्यात योगायोग असा, की या भागात चक्क्यांची गर्दी होऊ लागली आणि 2000 ते 2003 हे पाठोपाठचे वाईट पावसाळे आले. आषाढात माथ्यावर पाती गरागरा फिरताहेत, वर ढग धावताहेत आणि खाली बाजरी करपते आहे, हे चित्र ज्याने रोज पाहिलं त्याने त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा असला तरी अडाणीपणाचा नव्हता. उलट पुरावा पाटण तालुक्यात आहे. कोयनेच्या जलाशयाच्या अंगावर असलेलं वनकुसवड्याचं पठार एकेकाळी आशियातलं सर्वांत मोठं पवनऊर्जा क्षेत्र म्हणून मिरवलं जायचं. तिथे शेकडो चक्क्या उभ्या असतानाच 2005 आणि 2019 चे महापूर येऊन गेले.

हवामानावर चक्क्यांचा काहीच परिणाम होत नाही, असं मात्र नाही. पाती वरची हवा खाली आणि खालची वर घुसळतात. रात्री जमिनीलगत थंड हवेचा थर साचतो, तो या घुसळणीत मोडतो. अमेरिकेत टेक्ससमधल्या मोठ्या पवनक्षेत्रांचा उपग्रहांच्या मदतीने झालेला अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला, त्यात चक्क्यांखालची जमीन रात्री आजूबाजूपेक्षा किंचित जास्त गरम राहत असल्याचं दिसलं. आपल्याकडे रब्बीच्या ज्वारीवर, दवावर याने काय होतं, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. तो विचारला जात नाही, कारण सगळा वाद पावसात अडकलेला असतो.

आता जमिनीकडे येऊ, कारण खरं दुखणं तिथे आहे.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातून मिळणारी वीज दुप्पट नाही, आठपट होते. त्यामुळे डोंगराच्या कोणत्या कडेवर खांब बसतो यावर सगळं गणित उलटतं, आणि एखाद्या मुरमाड, कुसळंही धड न येणाऱ्या माळाला अचानक गिऱ्हाईक येतं. गिऱ्हाईक म्हणजे कंपनी नव्हे. आधी येतो तालुक्याचा दलाल, बहुधा पाहुण्यांतलाच कुणीतरी. त्याच्या पिशवीत सातबारा असतो, आणि तो मालकाच्या आधी त्याच्या हातात कसा आला हे विचारायचं नसतं. मग इसार, इसारपावती, साठेखत, कधी कधी थेट कुलमुखत्यारपत्र. खातं सामाईक असेल तर भावांपैकी जो मुंबईला आहे त्याला पहिला फोन जातो, कारण त्याला जमिनीपेक्षा रोख रक्कम बरी वाटण्याची शक्यता जास्त. गावात बोभाटा होईपर्यंत निम्मे कागद झालेले असतात.

खांबाला प्रत्यक्ष लागते ती दोन-तीन एकर जागा. पण दोन चक्क्यांमध्ये किती अंतर हवं, याचा केंद्र सरकारच्या 2016 च्या मार्गदर्शक तत्त्वांत नियम आहे: वाऱ्याच्या दिशेत पात्यांच्या घेराच्या व्यासाच्या सातपट, आडव्या दिशेत पाचपट. पुढच्या चक्कीने वारा थकवला की मागचीला तो मिळत नाही, म्हणून. आजच्या चक्कीचा व्यास 140 मीटर धरा. म्हणजे 980 मीटर गुणिले 700 मीटर, जवळजवळ 170 एकर. दोन-तीन एकरांच्या मालकाला पैसे मिळतात, आणि उरलेल्या 167 एकरांवर दुसऱ्या कुणालाही चक्की बसवता येत नाही. शेजाऱ्याचा वारा त्याच्या सहीविना, दमडीही न देता गहाण पडतो. तीन मेगावॅटची चक्की वर्षभर सरासरी तीस टक्के क्षमतेने चालली तर साधारण 79 लाख युनिट वीज देते. युनिटला तीन रुपये धरले तरी सव्वादोन कोटींच्या वर जातं. हे आकडे गावात कुणी फळ्यावर लिहून दाखवत नाही, पण अंदाज सगळ्यांना असतो. ज्याच्या गटात खांब गेला त्याच्या दारात नवी गाडी येते. बांधाला बांध लागून असलेल्याच्या वाट्याला काय येतं? क्रेन जावी म्हणून रुंद केलेली पाणंद, तिच्यावरून उडून द्राक्षावर बसणारा फुफाटा, वळवलेला ओघळ, आणि रात्रीचा आवाज.

आवाजाबद्दल दोन्ही बाजूंनी बरंच खोटं बोललं जातं. कंपनीचा माणूस सांगतो, खाली उभं राहून आपण बोलू शकतो, मग आवाज कुठला? विरोध करणारे सांगतात, कानठळ्या बसतात. खरं यांच्या मध्ये आहे. मोठी चक्की मिनिटाला बारा वेळा फिरते, म्हणजे संथ दिसते. पण 140 मीटर व्यासाच्या पात्याचं टोक तेव्हा ताशी तीनशे किलोमीटरच्या वर धावत असतं. प्रत्येक पातं खाली येताना एक हूश्श, मिनिटाला छत्तीस. दिवसा तो आवाज वाऱ्यात, ट्रॅक्टरमध्ये विरून जातो. रात्री जमिनीलगत वारा पडलेला, झाडाचं पान हलत नाही, आणि शंभर-सव्वाशे मीटर वर मात्र वारा चालू. त्या वेळी अंगणात खाटेवर पडलेल्याला तो ठेका मोजता येतो. डेसिबलचा हिशेब केला तर अर्ध्या किलोमीटरवर एकट्या चक्कीचा आवाज चाळीस-बेचाळीसच्या आसपास भरतो. आपल्या नियमात निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा 45 आहे. म्हणजे एक चक्की नियमात बसते. तितक्याच अंतरावर तीन असल्या की बसत नाहीत.

मार्गदर्शक तत्त्वांत आवाजासाठी म्हणून घरापासून 500 मीटरचं अंतर सांगितलेलं आहे. कागदावर हे भरपूर वाटतं. पण 500 मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा, त्यात 194 एकर येतात. 194 एकरांत एकही घर नको! माण, जत, केज इकडची गावं एका ठिकाणी दाटीने राहत नाहीत. गावठाण नावापुरतं, आणि माणसं मळ्यात, वस्तीवर. नकाशावर गावठाणापासून अंतर मोजलं की नियम पाळला जातो. वस्तीवरचं पत्र्याचं घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठला चढलेलं नसेल तर ते घरच नाही. याची दुसरी बाजू कुणी बोलत नाही. आज खांब उभा राहिला आणि उद्या शेजाऱ्याच्या मुलाला लग्नानंतर स्वतःच्या रानात दोन खोल्या काढायच्या झाल्या, तर तो त्या वर्तुळात राहायला जाणार. अंतराचा नियम कंपनीवर आहे, पण त्याचा भार कायमचा पडतो तो शेजारच्या रानावर.

मग गावाने हे सांगायचं कुणाला? धरण, खाण, औष्णिक प्रकल्प असेल तर जनसुनावणी होते. कशीही झाली तरी माइकवर बोललेलं इतिवृत्तात जातं. पवनऊर्जा प्रकल्प 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत नाहीत, म्हणून सुनावणी नाही. 2016 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांचे रंग ठरवले तेव्हा पवनऊर्जेला पांढरा, म्हणजे जवळजवळ निरुपद्रवी उद्योगांचा, रंग मिळाला. धूर नाही, राख नाही, पाणी लागत नाही, हे सगळं खरंच आहे, आणि कोळशाशी तुलना केली तर मी पवनचक्कीच्याच बाजूला उभा राहीन. पण निरुपद्रवी ठरवताना मोजला गेला तो धूर. बांधावरचा शेजारी मोजायची सोयच त्या तक्त्यात नव्हती. माझं मत असं, की ढगांची तक्रार इथूनच वर आली. ‘माझ्या शेजाऱ्याला पैसे मिळाले आणि मला फुफाटा’ ही तक्रार घेऊन तहसीलदारापुढे उभं राहायला माणूस लाजतो. ‘पाऊस गेला’ ही तक्रार सगळ्या गावाची असते आणि ती बोलताना मान खाली घालावी लागत नाही.

मोजायचं राहिलेलं आणखीही काही आहे. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी चक्क्या नसलेल्या भागाच्या जेमतेम चौथाईने दिसले. घारी-ससाणे उरले नाहीत म्हणून निळ्या-नारिंगी गळपट्टीचे सरडे तिथे वाढले, आणि माणूस जवळ गेला तरी लवकर पळेनात. एरवी सड्यावर पाऊल वाजलं की दगडाखाली गडप होणारा प्राणी हा.

तारांचं प्रकरण तर खांबाहून किचकट आहे. 2003 च्या विद्युत कायद्यानुसार सरकार वीज वाहून नेणाऱ्याला तार खात्याचे जुने अधिकार देऊ शकतं. ते मिळाले की शेतातून लाइन न्यायला मालकाची संमती लागत नाही, फक्त भरपाई द्यावी लागते. जून 2024 मध्ये केंद्राने ही भरपाई वाढवली: मनोऱ्याच्या पायाखालच्या जमिनीला बाजारभावाच्या दुप्पट, तारांखालच्या पट्ट्याला तीस टक्के. ऐकायला बरं आहे. पण हे दर 66 केव्ही आणि त्यावरच्या लाइनींसाठी आहेत. चक्कीपासून उपकेंद्रापर्यंत गावातून फिरणाऱ्या लाइनी बहुधा 33 केव्हीच्या असतात. तिथे भरपाई म्हणजे ठेकेदाराशी ज्याची जशी घासाघीस होईल तशी. जिथे दर ठरलेला नाही तिथे मध्यस्थ येतो, आणि मध्यस्थाच्या मागे काठी घेतलेली माणसं येतात. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची 9 डिसेंबर 2024 रोजी झालेली हत्या अवघ्या महाराष्ट्राला माहीत आहे. आरोपपत्रानुसार तिचं मूळ पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीत आहे. खटला न्यायालयात आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. पण पवनचक्की आल्यावर गावात कुणाकुणाचे हात किती लांब पोचतात, हे त्यानंतर कुणाला सांगावं लागत नाही.

डेन्मार्कचं नाव अशा वेळी हमखास निघतं, तर तेही पाहू. कोपनहेगनच्या किनाऱ्यालगत 2000 साली वीस चक्क्या उभ्या राहिल्या, त्यांची निम्मी मालकी साडेआठ हजारांवर सभासदांच्या सहकारी संस्थेकडे होती. पुढे कायद्यानेच चक्कीचे वीस टक्के भाग आधी आसपासच्या रहिवाशांना विकायला काढणं बंधनकारक झालं. ते फारसं चाललं नाही; ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनीच भाग घेतले. म्हणून 2020 मध्ये ती तरतूद काढून चक्कीच्या उंचीच्या आठपट अंतरातल्या घरांना दरवर्षी थेट बोनस देण्याची पद्धत आणली. आपल्या दोनशे दहा मीटर उंच चक्कीला हा नियम लावला तर पावणेदोन किलोमीटरच्या आतलं प्रत्येक घर हिशेबात येईल. साखर कारखान्याचा भाग विकत घेऊन त्याच्या सभेत उभं राहून भांडणाऱ्या पश्चिम महाराष्ट्राला हे अवघड वाटू नये. पण आपल्याकडच्या चक्क्या सुरुवातीपासून वेगळ्या पैशावर उभ्या राहिल्या. घसाऱ्याची भरघोस सवलत होती, आधी शंभर, मग ऐंशी टक्के, पहिल्याच वर्षी. कर वाचवायला दूरच्या शहरातल्या उद्योजकाने चक्की घेतली, सांभाळायला कंपनीला दिली, आणि डोंगर कधी पाहिलाही नाही. वीज किती निघाली यात अशा मालकाला जेमतेम रस, गावात काय चाललंय याच्याशी तर काही घेणंदेणंच नाही. 2017 पासून ती सवलत चाळीस टक्क्यांवर आली आणि आता लिलावात युनिटच्या दरावर लढणाऱ्या मोठ्या कंपन्या आल्या आहेत. त्यांच्याशी निदान बोलता येतं, कारण काम बंद पडलं तर त्यांचं दिवसागणिक नुकसान होतं.

ज्या गावात अजून सह्या व्हायच्या आहेत, त्यांनी ग्रामसभेत पावसाचा विषय बाजूला ठेवून कंपनीकडे खांबांचा नकाशा मागावा: गट नंबरांसकट, प्रत्येक खांबाभोवती 500 मीटरचं वर्तुळ काढलेला, आणि त्यात वस्तीवरची घरं दाखवलेली, मग ती नमुना आठला असोत वा नसोत. 33 केव्हीच्या लाइनीचा मार्ग आणि दर त्याच बैठकीत लेखी घ्यावा. आणि करारातलं शेवटचं पान वाचावं. चक्कीचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षं. नंतर पोलादी खांब कंपनी उतरवून नेईल, भंगाराला भाव आहे. पाती फायबरग्लासची, त्यांना भाव नाही. जमिनीखाली चार-पाचशे घनमीटर काँक्रीट आणि सळई राहते, आणि बहुतेक करारांत ‘जमीन पूर्ववत करून देणे’ एवढे शब्द असतात. किती खोलीपर्यंत आणि कुणाच्या खर्चाने, हे नसतं. वनकुसवड्याच्या पहिल्या चक्क्यांनी पंचविशी ओलांडली आहे, आणि केंद्राचं 2023 चं नवं धोरण अशा जुन्या चक्क्या काढून मोठ्या बसवा म्हणतं. त्या जुन्या पायांचं आणि नव्या करारांचं काय, ते पुढच्या आठवड्यात.