घंटा वाजते, पण आवाज कां येत नाहीं?

सुरत-नागपूर महामार्गावरील पारोळ्यांत एका कापूस-व्यापाऱ्याची पेढी आहे, आणि त्याची दुसरी कचेरी धुळ्यास आहे, असें समजा. दोन्ही ठिकाणीं त्यानें इंटरनेटवरून चालणारे टेलिफोन बसविले आहेत. धुळ्याहून घंटा वाजते, पारोळ्याचा मुनीम फोन उचलतो, त्याचा शब्द पलीकडे पोंचतो. पण पलीकडून सांगितलेला भाव कांहीं केल्या त्याच्या कानीं पडत नाहीं. इकडे सौदा तर खोळंबलेला! घंटा आली, मग आवाज कां येऊं नये?

श्रोतेहो, जुन्या टेलिफोनांत संभाषण संपेपर्यंत दोघांसाठीं एक वाट राखून ठेविलेली असे. इंटरनेटवर तशी राखीव वाट नसते. आवाज सेकंदास आठ हजार वेळां मोजतात, मापांचे आंकडे करतात, आणि बहुधा वीस मिलिसेकंदांचे आंकडे एका पुडक्यांत बांधून तें रवाना करतात. म्हणजे सेकंदास पन्नास पुडकीं. एखादें वाटेंत हरवलें तर तें पुन्हां मागवीत नाहींत. उशिरां आलेला शब्द पत्रांत चालतो, संभाषणांत नव्हे.

घंटा वाजविणें, फोन उचलल्याचें कळविणें, संभाषण संपविणें हीं कामें मात्र निराळीं. तीं 'सिप' नांवाच्या संकेतनियमांनीं होतात, आणि हे संकेत सेवा देणाऱ्या कंपनीच्या यंत्रामार्फत जातात. आवाजाचीं पुडकीं पुष्कळदां त्या यंत्रास वगळून एका फोनाकडून थेट दुसऱ्याकडे धांवतात. कोणत्या पत्त्यावर धांवावयाचें, तें संकेताच्या पोटांत लिहिलेलें असतें. निरोप्या एका वाटेनें आणि माल दुसऱ्या वाटेनें, असा हा प्रकार आहे.

घोटाळा होतो तो पत्त्यांत. पारोळ्याच्या भुईकोट किल्ल्यास खंदक आहे. तसें प्रत्येक कचेरीचें जाळेंहि बंदिस्त असतें, आणि त्याच्या दरवाज्यावर राउटर नांवाचें यंत्र बसलेलें असतें. आंतल्या यंत्रांचे पत्ते घरगुती. '१९२.१६८' या आंकड्यांनीं सुरू होणारा पत्ता पारोळ्यांत असतो, मुंबईंत असतो, आणि कदाचित् आपल्या दिवाणखान्यांतहि असतो. वाड्यांत 'माडीवरची खोली' म्हटलें कीं पुरतें; पण तेवढेंच पाकिटावर लिहिलें तर टपालवाल्यानें काय करावें? म्हणून राउटर बाहेर जाणाऱ्या पाकिटावरचा घरगुती पत्ता खोडून त्या जागीं सार्वजनिक पत्ता घालतो. आंतल्या पत्रांतला पत्ता मात्र तसाच राहतो. धुळ्याचें यंत्र तें पत्र वाचतें, त्या पत्त्यावर आवाज पाठवितें, आणि तो कोठेंच पोंचत नाहीं. धुळ्यानें स्वतःचा सार्वजनिक पत्ता कळविलेला असल्यामुळें मुनिमाचा आवाज तेवढा जातो.

कांहीं राउटर पत्र फोडून आंतला पत्ताहि सुधारूं पाहतात. ही आगाऊ मदत पुष्कळदां नडते, म्हणून ती बंद ठेवलेली बरी. मोठ्या पेढ्या दोन जाळ्यांच्या सीमेवर एक मध्यस्थ यंत्र ठेवतात. दोन्ही बाजूंचा आवाज तेंच घेतें आणि पुढें देतें. लहान व्यापाऱ्यास माझ्या मतें दुसरा उपाय सोयीचा: दोन्ही कचेऱ्यांमध्यें गुप्त मार्ग बांधून एकच खाजगी जाळें करावें. मात्र दोन्हीकडील घरगुती पत्ते वेगवेगळ्या मालिकेंतील हवेत. दोन माड्यांस एकच नांव असेल तर पुन्हां तोच गोंधळ.

हें झालें पेढीच्या आपसांतील बोलण्याचें. गिऱ्हाइकाच्या साध्या फोनाशीं बोलावयाचें तर कायदा आडवा येतो. भारतांत इंटरनेट-टेलिफोनीस १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली, पण देशांतील साध्या टेलिफोनाशीं ती जोडण्याची मुभा तेव्हां नव्हती. २०१८ सालीं परवानाधारक कंपन्यांचा तो मार्ग मोकळा झाला. व्यापाऱ्यानें त्यांच्यामार्फतच जावें.

आणखी एक. जुन्या फोनास वीज एक्सचेंजमधून तारेनेंच मिळे. गांवची वीज गेली तरी तो बोलत असे. नव्या व्यवस्थेंत राउटर विझला कीं फोन मुका होतो. पुष्कळजण बॅटरी फक्त संगणकास लावतात. ती राउटरलाहि लावावी.