पुण्यातला मुक्काम : भाडे बघा, जागाही बघा

(ऊस विकास अधिकारी, शेती विभाग)



साखर संकुलातले काम, मुलाचा कॉलेज प्रवेश, घरातल्या आजारी माणसाची तपासणी, या ना त्या कारणाने आपल्यापैकी अनेकांना पुण्याला जावे लागते. काम एका दिवसात उरकत नाही आणि मुक्काम पडतो. मग स्टँडबाहेर जो लॉज आधी दिसेल तो, नाहीतर जो माणूस पिशवी धरून नेईल त्याचा! बेणे घेताना आपण डोळा तपासतो, मळा बघतो. खोली घेताना मात्र काहीच बघत नाही. म्हणून चार गोष्टी आम्ही येथे मांडत आहोत.

१) आधी काम, मग खोली : साखर आयुक्तालयाचे साखर संकुल शिवाजीनगरला, कृषी महाविद्यालयाजवळ आहे. त्या बाजूला काम असेल तर शिवाजीनगर किंवा डेक्कन जिमखाना भागात उतरावे. जंगली महाराज रस्ता, फर्ग्युसन कॉलेज रस्ता, आपटे रस्ता या पट्ट्यात मध्यम भाड्याची हॉटेले आहेत. रात्री उशिरापर्यंत माणसांची वर्दळ असते, जेवण आणि औषधाचे दुकान जवळ मिळते. बाईमाणूस किंवा आजारी माणूस बरोबर असेल तर ही वर्दळ फार मोलाची. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट मात्र हडपसरच्या पुढे, शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. तेथे प्रशिक्षणाला जाताना निवासाची सोय कार्यक्रमातच आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

२) जाण्यायेण्याचा खर्च मिळवा : सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या एस. टी. गाड्या स्वारगेटला येतात. तेथून जिल्हा न्यायालयापर्यंतची भुयारी मेट्रो सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. स्वारगेटनंतर मंडई, कसबा पेठ, जिल्हा न्यायालय आणि मग शिवाजीनगर. डेक्कनला जायचे तर जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची. पुणे रेल्वे स्टेशनवरून डेक्कनला थेट मेट्रो आहे.

आता हिशेब करू. समजा लांबच्या खोलीचे भाडे ९०० रुपये आणि मध्यवस्तीतल्या खोलीचे १,४००. दोन रात्रींत १,००० रुपये वाचले. पण रिक्षाच्या सहा फेऱ्या, प्रत्येकी २०० धरल्या, तर १,२०० गेले. वर वेळ गेला तो वेगळाच. नुसते टनेज बघून कारखान्याचे भागत नाही, उतारा बघावा लागतो. खोलीचेही तसेच आहे, बरं का!

३) काउंटरवर काय विचाराल? : पहिला प्रश्न, दिवस कसा मोजता? काही ठिकाणी चोवीस तासांचा दिवस असतो, काही ठिकाणी दुपारी बाराला संपतो. रात्रीच्या गाडीने पहाटे पाचला पोचणाऱ्याने बाराच्या हिशेबाची खोली घेतली, तर सात तासांतच पहिला दिवस संपतो आणि दुसऱ्या दिवसाचे भाडे लागते. दुसरा प्रश्न, भाडे करासह की कराशिवाय? दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, पूर्वी तो १२ टक्के होता. पैसे देण्याआधी खोली बघावी. आतली कडी लागते का, खिडकी बंद होते का, जिना मोकळा आहे का, नळाला पाणी आहे का? आजारी माणसासाठी लिफ्ट चालू आहे का, हेही बघावे. पावती घ्यावी. आधार कार्डाची झेरॉक्स देताना तिच्यावर ‘फक्त मुक्कामासाठी’ असे लिहून तारीख टाकावी. मूळ कार्ड काउंटरवर ठेवू नये.

४) स्टँडवर कोणाच्या मागे जाऊ नये : फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेट स्थानकात पहाटेच्या वेळी एका प्रवासी तरुणीला चुकीच्या गाडीकडे नेऊन तिच्यावर अत्याचार झाल्याची तक्रार नोंदली गेली. सारा महाराष्ट्र हादरला. गाडीची चौकशी खिडकीवरच करावी. ‘स्वस्तात खोली देतो’ म्हणणारा बहुधा दलाल असतो, त्याचे कमिशन आपल्याच भाड्यातून जाते. अवेळी पोचलात तर उजाडेपर्यंत दिव्याखाली, माणसांत बसावे. मेट्रो रात्रभर चालत नाही, हे धरूनच गाडी निवडावी. अडचण आली तर ११२ नंबर फिरवावा.

खोली निघण्यापूर्वीच फोनवर ठरवावी आणि हॉटेलचे नाव, रस्ता व फोन कागदावर लिहून एक प्रत घरी ठेवावी. मुली प्रवेशासाठी एकट्या जातात, म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन सुना जातात. त्यांच्या हाती तर हा कागद अवश्य द्यावा. पुण्यात चांगली, माफक दराची जागा ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी ती आपल्या गट कार्यालयात कळवावी. एकाची माहिती दहा घरांच्या उपयोगी पडेल.