हरिहरेश्वरची प्रदक्षिणा : आधी भरती पाहा, मग बस ठरवा

दुर्गा टेकडी आणि घोरावडेश्वर नेहमी चढणाऱ्या पिंपरी-चिंचवड, चाकण परिसरातील चालण्याच्या गटांना थंडी पडली की कोकणाची ओढ लागते. कंपनीच्या पाळ्या सांभाळून एक सुट्टी जुळवायची, पहाटे चारला मिनीबसने निघायचे आणि ताम्हिणी, माणगाव, म्हसळामार्गे दहाच्या सुमारास हरिहरेश्वर गाठायचे. मग दर्शन, डोंगराभोवतीची प्रदक्षिणा, जेवण आणि परतीचा प्रवास. या बेतात बसची वेळ ठरते, जेवणाची ठरते. भरतीची वेळ मात्र विचारायची राहून जाते, आणि धोका नेमका तिथेच असतो. या प्रदक्षिणामार्गावर लाटेने माणसे ओढून नेल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

हा मार्ग पायऱ्यांनी डोंगरावर चढतो, खडकाच्या अरुंद घळीतून उतरतो आणि थेट समुद्रालगतच्या कातळावर येतो. तिथून डोंगराला वळसा घालून देवळापाशी परतायचे असते. अंतर फार नाही. पण एका बाजूला उभा कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असतो. मध्येच पाणी चढले तर बाजूला व्हायला जागा मिळेलच असे नाही.

घरचाच दगड

हा काळा कातळ पिंपरी-चिंचवडकरांना परका नाही. मोशीच्या खाणीतली खडी, घोरावडेश्वरची लेणी आणि हरिहरेश्वरचा किनारा, सगळा बेसाल्टच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेले. आज हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे.

घाटमाथ्यावर या खडकाला पाऊस आणि नद्या झिजवतात, किनाऱ्यावर समुद्र. लाटा डोंगराचा पायथा पोखरतात, आधार सुटलेला वरचा भाग कोसळतो, ढिगारा वाहून जातो आणि खाली कातळाचा सपाट ओटा उरतो. शाळेच्या भूगोलात याला तरंगघर्षित मंच म्हणतात. त्यावर निघोजला कुकडीच्या पात्रात आहेत तसे रांजणखळगे दिसतात. पाण्याबरोबर गोल फिरणारे गोटे ते कोरतात. कड्यावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते, ती मुख्यतः मिठाची करामत. खारे पाणी खडकाच्या छिद्रांत वाळते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि खडकाचे कण सुटतात.

या रचनेतच एक इशारा आहे. ज्या ओट्यावरून माणसे चालतात, तो लाटांनीच कापलेला आहे. म्हणजे तो लाटांच्या टप्प्यातच आहे.

तिथीची पाऊणपट

भरती आणि ओहोटी यांत साधारण सव्वासहा तासांचे अंतर असते आणि रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात जुना ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून पूर्ण भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, तर ओहोटी दुपारी बाराच्या आसपास. पौर्णिमा-अमावस्येला मात्र भरती भर दुपारी येते आणि ती उधाणाची असते. त्या दिवशी दहाला पोहोचलेला गट चढत्या पाण्यातच प्रदक्षिणेला निघतो.

ठोकताळा दिवस निवडण्यापुरता. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात पाहावी आणि तिथे पोहोचल्यावर स्थानिकांना विचारावी. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. ओहोटीनंतरच्या तिसऱ्या आणि चौथ्या तासातच एकूण चढाच्या जवळपास निम्मे पाणी चढते. म्हणून पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघून लवकर परतणे चांगले.

ओहोटीतही समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नये. हजारभर लाटांत एखादी लाट इतर मोठ्या लाटांच्या जवळजवळ दुप्पट असू शकते. ओला, शेवाळलेला कातळ दिसला की लाट तिथवर येते हे ओळखावे. हैदराबादचे ‘इन्कॉइस’ हे केंद्र उंच लाटांचे इशारे देते. इशारा असेल, समुद्र खवळलेला असेल किंवा मार्ग बंद असेल, तर प्रदक्षिणा रद्द करावी. पावसाळ्यात हा बेत आखूच नये.

सपाट रस्त्याची सवय

रोज उद्यानात पाच किलोमीटर चालणाऱ्यालाही हा कातळ दमवतो. उंचसखल जागेवर घोट्याभोवतीच्या स्नायूंना प्रत्येक पावलाला तोल सावरावा लागतो. पायऱ्या उतरताना मांडीच्या स्नायूंवर जास्त ताण येतो. म्हणूनच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय दुखतात. जागतिक आरोग्य संघटनेने ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम सुचवले आहेत. सहलीआधी तीन-चार आठवडे टेकडी चढणे-उतरणे आणि भिंतीच्या आधाराने एका पायावर उभे राहणे, एवढी तयारी करता येते.

मधुमेहींनी पायांची विशेष काळजी घ्यावी. संवेदना कमी झालेल्या पायाला कालवांच्या धारदार शिंपल्यांची जखम किंवा तापलेल्या कातळाचा चटका कळत नाही. देवळाबाहेर काढलेली पादत्राणे पिशवीतून सोबत न्यावीत आणि कातळावर घालावीत. ती पुढून बंद, पकड असलेली हवीत. संध्याकाळी दोन्ही तळवे पाहावेत. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर लवकर तापते. पाणी थोडे थोडे पीत राहावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर पाणी आणि मीठ किती घ्यायचे हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

गटात सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग तोच सगळ्यांचा वेग. कुणी पाण्यात पडलेच, तर मागोमाग उडी मारू नये. दोरी किंवा तरंगणारी वस्तू फेकावी, आरडाओरडा करून स्थानिकांना बोलवावे आणि ११२ ला फोन करावा.

तारीख बदलणे शक्य नसेल आणि भरती दुपारचीच असेल, तर दर्शन घेऊन प्रदक्षिणा सोडावी आणि श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर वरच्या कोरड्या वाळूत चालावे. पाय तिथेही तितकेच कामाला लागतात.