सायकलस्वार, मोटारचालक आणि रस्त्याचे नवे नियम

रस्त्यावरील वाहतुकीचे नियमन म्हटले की परवाना, वेगमर्यादा आणि दंड या गोष्टी प्रथम डोळ्यांपुढे येतात. त्या सर्व मोटारवाहनांसंबंधीच्या आहेत. परंतु आपल्या रस्त्यांवरून शाळकरी मुले सायकलीवर जातात, मजूर पायी चालतात, गळीत हंगामात उसाने भरलेल्या बैलगाड्या कारखान्याची वाट धरतात. या सर्वांचे स्थान नियमांत कोणते असावे, हा प्रश्न आता राज्यांपुढे आला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना व केंद्रशासित प्रदेशांना याबाबतचे नियम सहा महिन्यांत करण्याचे निर्देश दिले. हा विषय शहरांपुरता नसून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या जिव्हाळ्याचा आहे.

कायद्यातील तरतूद

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अंमलात आला. सायकल यांत्रिक शक्तीवर चालत नसल्याने ती या अधिनियमाच्या व्याख्येनुसार मोटारवाहन ठरत नाही. म्हणूनच सायकलस्वारास परवाना लागत नाही. पूर्वी अनेक गावांत व शहरांत सायकलीवर वार्षिक कर असे आणि कर भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला मिळे. आज ती पद्धत बहुतेक ठिकाणी इतिहासजमा झाली आहे. महाराष्ट्रात सायकलस्वार व पादचारी यांच्या रस्त्यावरील वावराचे नियमन करण्याचा अधिकार प्रामुख्याने १९५१ च्या पोलीस अधिनियमातून येत असे.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये पोटकलम (१-क) जोडण्यात आले. यांत्रिक शक्तीवर न चालणारी वाहने आणि पादचारी यांचा सार्वजनिक रस्त्यांवरील वावर व प्रवेश यांचे नियमन करण्यासाठी राज्य शासनास त्यान्वये नियम करता येतात. राष्ट्रीय महामार्गाच्या बाबतीत राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाशी विचारविनिमय करणे आवश्यक आहे. त्याच दुरुस्तीने आलेल्या कलम २१०-घ अन्वये इतर रस्त्यांची आखणी, बांधणी व देखभाल यांची मानके ठरविण्याचा अधिकारही राज्यांना मिळाला. न्यायालयाचे निर्देश या दोन्ही तरतुदींबाबत आहेत.

एक बाब येथे ध्यानात घ्यावयास हवी. मोटारचालकाने वाहन कसे चालवावे याचे विनियम केंद्र शासन कलम ११८ खाली करते. १९८९ चे विनियम जाऊन त्यांच्या जागी २०१७ मध्ये नवे विनियम आले. राज्याच्या नव्या नियमांचा विषय मात्र सायकलस्वार व पादचारी यांचा प्रवेश हा आहे. नियम करताना पुरेशी काळजी घेतली नाही, तर दुबळ्याच्या रक्षणासाठी दिलेल्या अधिकाराचा उपयोग त्यालाच रस्त्यावरून दूर करण्याकडे होण्याचा संभव आहे.

मनाई की संरक्षण?

मनाई नेहमीच गैर असते असे नव्हे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकी, बैलगाड्या व पादचारी यांना मज्जाव आहे. परंतु तेथे जुना महामार्ग पर्याय म्हणून उपलब्ध आहे. ज्या गावाची शाळा, बाजार आणि आरोग्य केंद्र महामार्गाच्या पलीकडे आहे आणि सेवा रस्ता नाही, तेथे मनाईचा फलक लावल्याने लोकांचे जाणे-येणे थांबत नाही. ते केवळ बेकायदा ठरते. पुढे अपघात झाल्यास जखमीवरच दोष येण्याची भीती उरते.

मानव विकास कार्यक्रमाखाली १२५ मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू विद्यार्थिनींना शाळेत जाण्यासाठी सायकली देण्याची योजना राज्याने राबविली. मुलीला सायकल द्यावयाची आणि तिच्या शाळेचा एकमेव रस्ता सायकलीला बंद करावयाचा, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

या प्रश्नाचे गांभीर्य आकड्यांवरून दिसते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते, तर सायकलस्वारांची संख्या चार हजारांहून अधिक होती. याचे मुख्य कारण वेग होय. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एवढे अंतर सहज संपते. वेग ३० वरून ६० झाला की आघाताची शक्ती दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणून प्रवेशाच्या नियमाला वेगमर्यादेची जोड हवी. शाळा, बाजार किंवा पूल अशा ठिकाणी कमी वेगमर्यादा ठरविण्याचा अधिकार राज्य शासनास कलम ११२ ने दिलेलाच आहे.

इतरत्रचा अनुभव

ब्रिटनमध्ये २९ जानेवारी २०२२ पासून रस्त्याच्या संहितेत बदल करण्यात आले. ज्याच्या वाहनाने इतरांना अधिक इजा होऊ शकते, त्याची जबाबदारी अधिक, हे तत्त्व तेथे आरंभीच नमूद केले आहे. ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात सायकलस्वारास ओलांडताना किमान दीड मीटर अंतर राखावे, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. हे बदल करण्यापूर्वी २०२० मध्ये जनतेचे मत मागविण्यात आले, तेव्हा वीस हजारांहून अधिक उत्तरे आली.

आपल्याकडेही उदाहरणे आहेत. पंढरपूरच्या पालखी महामार्गांच्या चौपदरीकरणात वारकऱ्यांसाठी दोन्ही बाजूंनी स्वतंत्र पदपथांची तरतूद करण्यात आली. चालणाऱ्यांचा विचार आराखड्यातच करता येतो, हे त्यावरून सिद्ध होते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९६२ च्या मार्गदर्शिकेत सायकलमार्गाचा निकषही दिलेला होता : ताशी २०० हून अधिक मोटारवाहने जात असतील, तर गर्दीच्या तासाला केवळ १०० सायकली असल्या तरी स्वतंत्र मार्ग समर्थनीय ठरतो. ही मार्गदर्शिका २०१५ मध्ये सुधारण्यात आली.

ग्रामपंचायत व शाळा यांचे कार्य

कलम २१२ नुसार या अधिनियमाखालील नियम पूर्वप्रसिद्धीनंतरच करता येतात. म्हणजे मसुदा राजपत्रात प्रसिद्ध होतो आणि त्यावर हरकती व सूचना पाठविता येतात. ही संधी बहुधा वाया जाते, कारण मसुदा गावापर्यंत पोहोचत नाही. पोहोचला तरी हाती माहिती नसते.

ही माहिती गोळा करणे अवघड नाही. शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी किती मुले सायकलीने किंवा पायी महामार्गावर येतात, ती रस्ता कोठे ओलांडतात, पर्यायी वाट किती लांब पडते आणि मागील काही वर्षांत अपघात कोणत्या जागी झाले, याची नोंद शिक्षक व ग्रामसेवक एका आठवड्यात करू शकतात. ग्रामसभेच्या ठरावासह ती जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठविल्यास तिला वजन येते. ‘आमच्या गावाजवळ अपघात होतात’ या तक्रारीपेक्षा ‘सकाळी दहा ते अकरा या वेळात इतकी मुले या जागी रस्ता ओलांडतात’ हे विधान अभियंत्याला अधिक उपयोगी पडते.

सायकलस्वारांचीही काही कर्तव्ये आहेत. डाव्या कडेने चालणे, वळण्यापूर्वी हाताने इशारा करणे, रात्री दिवा व मागे लाल परावर्तक असणे या साध्या गोष्टी शाळेत शिकविता येतील. बैलगाडीच्या मागेही परावर्तक पट्टी हवी. तथापि, बारा वर्षांच्या मुलीची सावधगिरी आणि भरधाव मालमोटारीच्या चालकाची जबाबदारी एकाच तराजूत तोलता येणार नाही.

एखाद्या रस्त्यावर सायकलीस मनाई करण्यापूर्वी पर्यायी मार्ग प्रत्यक्ष उपलब्ध असला पाहिजे, ही एकच अट नियमांत स्पष्टपणे आली तरी बरेच साधेल. ती यावी यासाठी गावोगावचा अनुभव आकड्यांनिशी शासनापर्यंत पोहोचविणे, हे आपणा सर्वांचे काम आहे.