तारानाकीचं लोणी

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर पश्चिम किनाऱ्याजवळ तारानाकीचा ज्वालामुखी उभा आहे. 1880 च्या दशकात त्याच्या पायथ्याशी घनदाट जंगल होतं आणि त्यात हातात दमडी नसलेले वसाहतकरी. पंचवीस-तीस वर्षांत याच भागातून लंडनला लोण्या-चीजचा ओघ सुरू झाला.

सुरुवात कुऱ्हाडीपासून. झाडं पाडायची, उन्हाळ्यात वाळू द्यायची, मग पेटवून द्यायची. राख निवली की जळक्या बुंध्यांच्या मधे गवताचं बी फेकायचं. कुरण तयार होईपर्यंत खायचं काय? चू चोंग हा चिनी व्यापारी इथे उपयोगी पडला. पडलेल्या ओंडक्यांवर कानाच्या आकाराची अळंबी उगवायची. ती तो रोख पैशांत विकत घेई आणि चीनला पाठवी. बायका-पोरं ती गोळा करत. पुढे 1887 मध्ये त्यानेच एल्थम गावी लोण्याचा कारखाना काढला.

लोणी विकायचं मात्र सातासमुद्रापार. तो रस्ता 1882 मध्ये खुला झाला. ‘डनेडिन’ हे शिडाचं जहाज सुमारे पाच हजार गोठवलेली मेंढरं घेऊन फेब्रुवारीत निघालं आणि 98 दिवसांनी लंडनला पोचलं. जहाजाला ओढायला वारा, शीतयंत्राला वाफ. मटण टिकलं, तसं लोणीही टिकणार होतं.

मग सहकारी कारखाने उभे राहिले. पहाटे सगळं घर हाताने धारा काढायचं. डबे घोडागाडीत घालून कारखान्यावर न्यायचे. तिथे वजन व्हायचं, यंत्रातून साय वेगळी निघायची आणि उरलेलं दूध डुकरांसाठी परत मिळायचं. नुसत्या वजनावर पैसे दिले, तर पाणी घालणाऱ्याचंच फावतं. त्यावर 1890 मध्ये अमेरिकेतल्या बॅबकॉकने शोधलेल्या चाचणीचा उपाय निघाला. काचेच्या बाटलीत दूध आणि गंधकाम्ल घालून ती गरगर फिरवायची. वर तरंगलेलं फॅट बाटलीच्या मानेवरच्या खुणांवर वाचायचं. आपल्या दूध संस्थेत रांगेत उभं राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

भांडवलाची सोय सरकारने केली. 1894 च्या कायद्यानुसार सरकार लंडनहून कर्ज उचलायचं आणि वसाहतकऱ्यांना 5 टक्क्यांनी द्यायचं. जमीनमंत्री जॉन मॅकेन्झी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला होता. कुळांना जमिनीवरून हुसकावलं जाणं त्याने लहानपणीच पाहिलं होतं. मोठ्या इस्टेटी विकत घेऊन तो त्यांचे लहान तुकडे पाडत होता. याच सरकारच्या काळात 1893 मध्ये बायकांना मतदानाचा हक्क मिळाला, 1898 मध्ये म्हाताऱ्यांना पेन्शन. चिन्यांना मात्र पेन्शनमधून वगळलं होतं. देशात शिरणाऱ्या प्रत्येक चिन्याकडून 1896 पासून 100 पौंड कर घेतला जाई. जिथले वसाहतकरी चू चोंगच्या पैशावर तगले, त्या देशाचा हा न्याय मला फार बोचतो.

आणि मूळ जमीन? तारानाकीत सरकारने 1865 मध्ये तिथल्या मूळ रहिवासी माओरींची बारा लाख एकरांच्या आसपास जमीन जप्त केली होती. तिच्या मोजणीला पारिहाका या माओरी गावाने शांतपणे विरोध केला. वसाहतकऱ्यांनी घेतलेल्या जमिनीवर गावकरी नांगर चालवत, मोडलेली कुंपणं पुन्हा घालत. 5 नोव्हेंबर 1881 ला सैन्य गावात शिरलं, तेव्हा वेशीवर पोरं गात-नाचत होती आणि शिपायांसाठी पाव भाजून ठेवले होते. ते व्हिटी आणि टोहू या म्होरक्यांना पकडून नेलं, घरं पाडली. पुढच्याच काही वर्षांत त्या परिसरात दुधाच्या गाड्या फिरू लागल्या.